सावलीतला लाल

अलारखाने दुपट्ट्यांचं गाठोडं फोटोवाल्या हिरेन सोनीच्या टेबलावर असं आपटलं, की कपातला चहा बशीत आला.

"वाच." त्याने मोबाइल पुढे केला. "मोठ्याने वाच. तुझ्या दुकानाच्या भिंतींनापण ऐकू दे."

हिरेनने वाचलं. अहमदाबादच्या दुकानवाल्या बाईंनी साठच्या साठ दुपट्टे परत धाडले होते. फोटोतला लाल मातीसारखा शांत, आलेला माल भडक. मंजिष्ठेच्या नावावर पुडीतला रासायनिक रंग खपवू नका, असं वर लिहिलं होतं.

"पुडीतला रंग! मला!" अलारखाचा आवाज चिरकला. "आजोबांपासून मंजिष्ठेची मुळं उकळतोय आम्ही."

सकाळी हा निरोप आला तेव्हा तो अंगणात, कापड धुण्याच्या हौदापाशी होता. राग डोक्यात गेला की त्याला पुढचा माणूस दिसत नाही, हे सगळ्या खत्रीवाडीला ठाऊक आहे. तो तडक लाल रंगाच्या हंड्याकडे गेला. तिथे त्याची थोरली बहीण जेना, त्याची अदी, लाकडी दांड्याने कापड ढवळत होती. नवरा गेल्यापासून सव्वीस वर्षं तो हंडा तिच्याकडे आहे. धुणारे, छापणारे असे आठ जण ऐकत असताना त्याने विचारलं,

"अदी, पुडी टाकलीस ना यात? हात दुखतात म्हणून?"

जेनाने दांडा खाली ठेवला. कोपरापर्यंत हात धुतले आणि पुढच्या गावी, लेकीच्या घरी निघून गेली. हंडा निवला. तेव्हा अलारखाला त्याचाही राग आला. भूजच्या रस्त्याला लागल्यावर मात्र त्याला सुचलं, की अदी असं करणार नाही, म्हणजे गोम फोटोत आहे. मग तो राग त्याने हिरेनसाठी राखून ठेवला.

"माझं काम चोख आहे, अलारखाभाई." हिरेनही काही कमी तापट नव्हता. "उगाच आवाज चढवू नका. हे बघा."

त्याने मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडला, गाठोड्यातला एक दुपट्टा ओढून शेजारी धरला. लालाला लाल भिडला. अलारखाने दुपट्टा स्वतःच्या हातात घेऊन दोनदा लावून पाहिला. तसूभर फरक नव्हता. म्हणजे गोम फोटोतही नव्हती.

मग त्याने आपला मोबाइल स्क्रीनला टेकवला. त्यात तोच फोटो विटकरी दिसत होता.

"एकच फोटो ना हा?"

 हिरेनने वाकून स्क्रीनखालचं बटण दाबलं, आकडे पाहिले आणि खुर्चीत मागे टेकला.

"फोटो काढला त्या दिवशी तुम्ही भर दुपारी आला होतात. गाडीवरून, उन्हातून."

"मग?"

"आल्या आल्या म्हणालात, माझा लाल मेलाय यात. आणि हे बटण दाबत बसलात. स्क्रीनचा लाल चढवलात."

"आणि तू काय हातावर हात ठेवून बघत होतास?"

"तुम्ही कुणाचं ऐकता? नंतर फोटो भलताच लाल दिसायला लागला, म्हणून मी त्यातला लाल उतरवला. दुपट्ट्याशी जुळेपर्यंत. या स्क्रीनवर जुळला. बाकी सगळीकडे उतरलेलाच गेला."

"गाढव आहेस."

"एकटा नाही."

उन्हातून आलेल्याचे डोळे दिपलेले असतात, त्याने रंगाला नावं ठेवायची नाहीत, आधी सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, हा अलारखाच्याच अंगणातला नियम. दिल्लीच्या गिऱ्हाइकांनाही तो तसं बसवून ठेवतो. नियम जेनाचा होता.

हिरेनने खणातून रंग मोजायचं यंत्र काढून स्क्रीनवर टांगलं. काचेवर लाल, हिरवे, निळे चौकोन येत जात राहिले. अर्ध्या तासाने स्क्रीन पहिल्यापेक्षा फिकट झाली. मग त्याने मूळ फोटो नव्याने उघडला आणि सावकाश दुरुस्त केला. स्क्रीन, मोबाइल आणि दुपट्टा, तिन्ही एकाच लालावर आले.

"पाठवू अहमदाबादला? चांगली चार वाक्यं सुनावून?"

"आधी अदीला."

त्याने भाचीच्या मोबाइलवर फोटो पाठवला आणि आपला मोबाइल तोंडाजवळ धरून बोलला, "अदी, चूक फोटोची होती. रंग आपला खरा आहे. घरी ये."

उत्तर यायला वेळ लागला. आलं ते जेनाच्या आवाजात. अलारखाने ऐकायला बटण दाबलं आणि ते दुकानभर ऐकू गेलं.

"फोटोची चूक? पुडी टाकलीस का, असं मला फोटोने विचारलं होतं?" मागे भांडी वाजत होती. "मला मोबाइलात रंग बघायची सवय नाही. कापड घेऊन ये. उद्या सकाळी, हौदापाशी, सावलीत बघू. आणि ते आठही जण हवेत."

हिरेन उगाचच यंत्राची वायर गुंडाळत राहिला.

"मग अहमदाबादचं?" त्याने शेवटी विचारलं.

अलारखा दुपट्ट्याची घडी घालत होता. नीट बसेना म्हणून त्याने ती मोडली आणि पुन्हा घातली.

"उद्या," तो म्हणाला. "तिने बघितल्यावर."