पाकोळ्यांच्या कड्याखाली

यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावर स्कर्लबी नावाचं गाव आहे. तिथल्या मातीच्या कड्याला दर हिवाळ्यात समुद्र लचके तोडतो. रस्ता गावातून नीट निघतो आणि कड्याशी आला की हवेत संपतो. त्याचं गावात कुणाला काही वाटत नाही. लॉर्ना ब्लेंकिनलाही वाटत नसे. ती आयुष्यभर गावची बस चालवत होती. नोकरी संपल्यावर कुणी बागेत रमतं, कुणी पत्त्यांत. लॉर्ना पाखरांत रमली. रोज सकाळी टॉफीला घेऊन ती किनाऱ्यावर उतरायची. टॉफी म्हणजे तिची लांब कानांची तपकिरी स्पॅनियल. उतरली की लॉर्नाचं मोजणं सुरू. कालवफोडे किती, सुरय किती, चिखल्यांची पिल्लं जगली की गेली, लाटांत सीलचं डोकं दिसलं का, सगळं ती टिपून घ्यायची आणि महिन्याच्या शेवटी जिल्ह्याच्या पक्षीमंडळाला कळवायची.

गावात तिचं एकाच माणसाशी वाकडं होतं. केन रे. कड्यावरच्या माळावर त्याचा कॅरव्हॅनचा तळ होता. सुट्टीत येणारी माणसं तिथल्या चाकावरच्या खोल्यांत राहायची. त्याचा ड्यूक नावाचा वासराएवढा कुत्रा किनाऱ्यावर मोकाट सुटायचा आणि वाळूत अंडी घालणाऱ्या चिखल्यांना सळो की पळो करून सोडायचा. वसंतात लॉर्नाने तक्रार केली आणि केनला समज मिळाली. तेव्हापासून दोघांची भेट झाली की ठिणगी ठरलेली.

जूनमधली गोष्ट. आठवडाभर पाऊस कोसळून त्या सकाळी उघडीप पडली होती. किनाऱ्यावर उतरायच्या उताराशी केन उभा होता, आणि ड्यूक त्याच्या पायाशी.

"काय पाखरंवाल्या बाई, आज कुणाकुणाची हजेरी घेणार?"

"आधी तुमच्या ड्यूकची घेते. पट्टा कुठंय त्याचा?"

"गळ्यात आहे की."

"गळ्यातला नाही विचारला, हातातला विचारला."

केन हसला, पण लगेच त्याचा चेहरा गंभीर झाला. "थट्टा राहू द्या. आज कड्याच्या बाजूनं जाऊ नका. माती पाणी पिऊन टम्म फुगलीय. काल मी खिडकीत चहा पीत होतो, डोळ्यांदेखत मोटारीएवढं ढेकूळ खाली गेलं."

"मला किनारा नका शिकवू, केन."

"शिकवत नाही, सांगतोय. शिकवून तुम्ही शिकणार आहात थोड्याच!"

लॉर्ना तरातरा खाली उतरली. हा माणूस आपल्याला इथून हाकलायला बघतोय असंच तिला वाटलं. शिवाय पाकोळ्या बघायच्या राहिल्या असत्या. त्या कड्याच्या अंगात पाकोळ्यांनी भोकं पाडून वसाहत केली होती आणि आता बिळाबिळातून पिल्लं तोंडं काढून बसायला लागली होती. एवढ्या पावसात किती वाचली हे बघितल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं.

ओहोटी संपून पाणी नुकतंच पलटलं होतं. लॉर्ना कड्यापासून जरा अंतर राखून चालली. वसाहतीपाशी आली तर कड्याचा एक भाग ढासळून खाली पसरलेला. वरून घट्ट दिसणारी, भाकरीसारखा पापुद्रा धरलेली माती. त्या ढिगाच्या मधोमध एक पाकोळीचं पिल्लू पंख फडफडवत पडलं होतं. लॉर्नाने बघितलं, आणि टॉफीनेही.

"टॉफी, नाही! मागे ये!"

टॉफी कसली ऐकते! दोन उड्यांत ती ढिगावर गेली. तिसऱ्या उडीला पापुद्रा फुटला आणि ती पोटापर्यंत आत गेली. सुटायला धडपडली तशी आणखी रुतली. मग तिने लॉर्नाकडे मान वळवली आणि बारीक आवाजात रडायला लागली.

ओला ढीग म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं लोकांना तीच सांगत आली होती की त्यावर पाय ठेवू नका. पण तो आवाज कानात शिरला आणि शहाणपण कुठल्या कुठे गेलं. तिने अंगातला जाड कोट काढला, मातीवर पसरला आणि त्यावर गुडघे टेकून पुढे सरकली. टॉफीच्या बगलांत हात घालून तिने सगळा जोर लावला. चिखलाने मच्च असा आवाज केला आणि टॉफी सुटली. लॉर्नाने तिला मागे वाळूकडे अक्षरशः फेकलं. त्या झटक्याने कोट खालून सरकला आणि लॉर्नाचे दोन्ही पाय मांड्यांपर्यंत आत गेले.

आधी ती घाबरली नाही. एक पाय वर ओढला, दुसरा खोल गेला. दुसरा ओढला, पहिला गेला. बुटांना खालून कुणीतरी धरल्यासारखं वाटत होतं. फोन? तो कोटाच्या खिशात होता, आणि कोट चिखलाने गिळला होता. तिने मागे वळून समुद्राकडे बघितलं. मघाशी दूर असलेली फेसाची रेघ आता जवळ दिसत होती. तेव्हा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"वाचवा! कुणी आहे का?"

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. चिटपाखरं सगळी तिच्या डोक्यावर होती. पाकोळ्या चोचीत किडे घेऊन बिळात जात होत्या, बाहेर येत होत्या. टॉफी ढिगाच्या कडेला उभी राहून भुंकत होती. लॉर्नाने वर बघितलं. बिळांच्या वरच्या अंगाला कड्याला एक आडवी भेग गेली होती आणि तिच्यातून पाणी पाझरत होतं. भेगेपासून वरचा सगळा भाग पुढे झुकलेला होता. मधूनच वाटाण्याएवढे खडे सुटत आणि तिच्या खांद्यावर टपटप पडत.

समुद्र मागून येणार की कडा वरून, एवढंच आता उरलं, असं तिला वाटलं. ती ओरडत राहिली. घसा बसला तशी नुसतीच टॉफीला म्हणत राहिली, "भुंक बाई, भुंक. थांबू नकोस."

वरून ड्यूकचा भसाडा आवाज आला. मग कड्याच्या माथ्यावर एक डोकं दिसलं.

"लॉर्ना?"

"केन! मागे हो! तिथं उभा राहू नकोस, भेग आहे खाली!"

त्याच्या पायाजवळून मातीचा लगदा सुटला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर आपटला. केनचं डोकं नाहीसं झालं. तिने वाट बघितली. हाक मारली. उत्तर नाही. ड्यूकचा आवाजही दूर दूर गेला.

गेला, तिच्या मनात आलं. आणि का नाही जाणार? मी त्याची तक्रार केली, आता तो माझ्यासाठी जीव धोक्यात घालणार होय? हे मनात आलं आणि तिचा धीर सुटला. गुडघ्यांत गारठा चढत होता. पहिली लाट ढिगाच्या पायथ्याशी आली, माती चाटून मागे गेली. पुढची थोडी वर आली. लॉर्ना हुंदके देऊन रडायला लागली. एवढ्या वर्षांत कुणी तिला रडताना बघितलं नव्हतं.

केन किनाऱ्याने पळत आला तेव्हा त्याच्या काखेत कॅरव्हॅनच्या पलंगाच्या दोन फळ्या होत्या आणि तोंडाला फेस यायचा बाकी होता.

"बचाव पथकाला फोन केलाय. निघालेत," तो धापा टाकत म्हणाला. "कड्यावरून उतरायच्या पायऱ्या तुटल्यात, उतारावरून फिरून यावं लागलं. तुम्हाला वाटलं असेल पळाला मेला."

"वाटलं."

"मलाही वाटलं होतं पळावं."

त्याने एक फळी चिखलावर टाकली आणि तिच्यावर पोटावर आडवा होऊन पुढे सरकला. दुसरी फळी त्याने लॉर्नाच्या छातीखाली सारली. तिचे हात त्याने इतके आवळून धरले की तिची बोटं दुखली.

"केन, तुम्ही जा. पाणी येतंय."

"गप्प बसा हो बाई. मी भ्यायलोय असं दिसतंय का? दिसतंय ना? मग जाऊ द्या. भ्यायलेल्या माणसाशी वाद घालू नये."

तो ओढत होता, चिखल सोडत नव्हता. लाटा आता लॉर्नाच्या कमरेला लागत होत्या. केन उगाचच बोलत होता. कॅरव्हॅनमधल्या गिऱ्हाइकांविषयी, गळक्या नळाविषयी, कशाविषयीही. तो थांबला की समुद्राचा आवाज मोठा होई, म्हणून बोलत होता.

आणि एकाएकी पाकोळ्या बाहेर पडल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. चोचीत किडे होते त्यांनीही बिळात जायचं सोडलं आणि सगळा थवा किंचाळत पाण्यावर गेला. तेवढ्या जागेतलं येणं-जाणं थांबलं. कडा सुटतोय, लॉर्नाला कळलं.

"केन, सोड! मागे हो, मागे!"

तिने त्याच्या छातीला दोन्ही हातांनी ढकललं. तो फळीवरून घसरून पाण्यात पडला. त्याच क्षणी वरून तोफेसारखा आवाज झाला आणि वसाहतीच्या डाव्या अंगाचा कडा उभाच्या उभा खाली बसला. जमीन हादरली. चिखलाची एक जाड लाट आडवी आली, लॉर्नाला छातीपर्यंत झाकून गेली आणि थांबली. फळीच्या आधाराने तिचं डोकं वर राहिलं. नाकातोंडात माती. कानात नुसता घूं आवाज. तिने डोळे उघडले तेव्हा समोर काहीच ओळखीचं नव्हतं.

"केन? केन!"

पहिल्यांदा टॉफीचं भुंकणं ऐकू आलं. मग पाण्यातून एक चिखलाचा पुतळा उठला. त्याच्या कानावरून रक्त वाहत होतं.

"आहे," तो म्हणाला. "आहे मी. तुम्ही आहात का?"

तो परत फळीवर चढला. यावेळी बोलला नाही. लॉर्नाची हनुवटी पाण्याच्या वर राहावी म्हणून तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन पडून राहिला. प्रत्येक लाट आली की दोघंही श्वास धरत आणि ती गेली की सोडत. तसं किती वेळ चाललं ते दोघांपैकी कुणालाही पुढे सांगता आलं नाही.

बचाव पथकाची माणसं आली. त्यांनी लांब नळीतून चिखलात जोराने पाणी सोडलं, तसे पाय एकेक करून सुटले. बूट आतच राहिले. पथकातली एक दणकट बाई लॉर्नाला स्ट्रेचरवर बांधताना म्हणाली, "नशीब म्हणायचं, मावशी."

इस्पितळातून ती दुसऱ्या दिवशी घरी आली. पायांना काही झालं नव्हतं. पण रस्त्यावरून कचऱ्याची गाडी धडधडत गेली की ती खुर्चीचे हात घट्ट धरायची. न्हाणीघरात पाणी घोट्याच्या वर चढलं की जीव घाबरा व्हायचा. टॉफी सकाळी दाराशी जाऊन बसायची, आणि लॉर्ना तिला मागच्या गल्लीतून चर्चपर्यंत फिरवून आणायची. समुद्राकडचं वळण आलं की तिची मान आपोआप दुसरीकडे जायची. पक्षीमंडळातून फोन आला, यंदा पाकोळ्यांचं काय? "मला नाही माहीत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

असा जून गेला, जुलै गेला. एका संध्याकाळी दारात केन उभा. कानाला टाक्यांची खूण.

"एक विचारायचं होतं. त्या ताज्या कड्यात तुमच्या पाकोळ्या पुन्हा भोकं पाडायला लागल्यात. माझं कॅरव्हॅन मी मागे सरकवतोय. त्या मला बघून हसत असतील का?"

लॉर्नाला हसू आलं नाही. "पिल्लं होती, केन. त्या बाजूच्या बिळांत पिल्लं होती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी माझ्याबरोबर उतारापर्यंत चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याबरोबर किनाऱ्याच्या उतारापर्यंत गेली. खाली समुद्र शांत होता, वाळू कोरडी. टॉफी पुढे धावली आणि मागे वळून थांबली. लॉर्ना कठड्याला धरून थोडी उतरली. मग तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. ती तिथंच उभी राहिली. पाण्यावरून काही सुरय गेले. ते तिने बघितले, मोजले मात्र नाहीत.

"आणखी उतरायचं?" केनने विचारलं.

"नको."

"बरं."

लॉर्नाने टॉफीला हाक मारली आणि तिघं वर आली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली, आणि पुन्हा अर्ध्यावरून परतली.