तिसऱ्या मजल्यावरचा झटका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी सव्वीस वर्षांत एकच वाक्य हजारदा ऐकवलं होतं: "लिफ्ट आहे, कधीमधी झटका द्यायचीच. धोका काही नाही." तरीही जिन्याने जाणाऱ्यांना ते मनातल्या मनात भित्री भागूबाई म्हणायचे.

मग दोन महिन्यांपूर्वी लिफ्टच्या टपावर उभे असताना त्यांच्याच छातीत झटका बसला. एक ठोका गायब, आणि पुढचा असा धाडकन, की हातातला पाना थेट तळाला गेला.

तेव्हापासून माणूस कामातून गेला. बोटं सदानकदा मनगटावर.

"अहो, त्या हृदयाला जरा एकटं सोडा," बायको म्हणायची. "माझ्याकडे कुणी असं चोवीस तास टक लावून बसलं, तर माझाही स्वयंपाक बिघडेल."

पण टपावर चढायचं म्हटलं की ते दारातूनच परत फिरायचे. शेवटी मिस्त्रींनी राजीनामा लिहिला. कामावर फार जीव होता त्यांचा. लिहिताना डोळे भरून आले, हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. कागद खिशात घालून ते डॉक्टरांना शेवटचं विचारायला निघाले.

दवाखाना पाचव्या मजल्यावर होता आणि तिथली लिफ्ट मिस्त्रींच्याच देखरेखीखाली होती. ते वर जाऊन बसले. दहा मिनिटांनी डॉक्टर जिन्याने धापा टाकत आले.

"लिफ्ट बंद पडली?" मिस्त्री दचकले.

"चालू आहे. पण तिसऱ्या मजल्यावर झटका देते हो. मी नाही बसत."

"गेल्याच आठवड्यात तपासलीय! दोर, ब्रेक, सगळं ठणठणीत."

"आणि मी तुम्हाला तीनदा तपासलंय. सगळं ठणठणीत. एखादा ठोका घाईने पडतो, मग हृदय क्षणभर थांबतं आणि पुढचा जोरात देतं. तुमच्या बाबतीत त्यात धोका नाही. बसतो का विश्वास?"

मिस्त्री ताडकन उठले. "चला माझ्याबरोबर लिफ्टने खाली."

डॉक्टर आढेवेढे घेत आत शिरले. तिसऱ्या मजल्यावर झटका बसला आणि ते मिस्त्रींना बिलगले.

"काही नाही हो, काही नाही," मिस्त्री म्हणत राहिले. तळमजला आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्यांची बोटं डॉक्टरांच्या मनगटावर होती. स्वतःच्या नाडीची आठवणच झाली नव्हती.

"धोका नाही, हे लिहून द्या मला," डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

"तुम्हीही द्या."

मिस्त्रींनी खिशातला कागद काढला. क्षणभर बघितला आणि टर्रकन मधोमध फाडला. दोघांनी लिफ्टच्या दाराला टेकवून एकेका तुकड्याच्या पाठीवर लिहिलं आणि घाईघाईत हाताला लागली ती चिठ्ठी घेतली.

घरी बायकोने मोठ्याने वाचलं, "'मध्येच झटका बसतो. यंत्र उत्तम आहे. घाबरू नये.' बघा! डॉक्टरांनी लिहून दिलंय, आता तरी पटलं ना?"

मिस्त्रींनी अक्षर ओळखलं. स्वतःचंच होतं. त्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि पोटभर जेवले.

सकाळी ते दवाखान्याच्या इमारतीत गेले. डॉक्टरांनी आपली चिठ्ठी न वाचताच लिफ्टमध्ये चिकटवली होती: 'एखादा ठोका चुकतो. हृदय उत्तम आहे. खुशाल कामावर जावे.'

मिस्त्रींनी ती तशीच राहू दिली, पाना घेतला आणि टपावर चढले.