शेवटचं रीळ

"आज शेवटचं रीळही लाव," प्रोजेक्टरचं भिंग पुसणाऱ्या फेलिक्सला त्याची बायको याद्विगा म्हणाली.

"ते कधीच खराब झालंय, बाई."

"मग जुन्या बुटांच्या पेटीत काय लोणचं घातलंयस?"

 वीस वर्षं त्याने गावाला, फादरनासुद्धा, थाप मारली होती.

पोलंडहून तो येशूचा सिनेमा आला, तेव्हा कझाकस्तानातल्या कारागंडाजवळच्या त्या खेड्यात देवाचं नाव उघडपणे घेता येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. हद्दपारीत जन्म काढलेल्या पोलिश म्हाताऱ्या पडद्यापुढे चक्क गुडघे टेकून बसल्या. खिळे ठोकताना एक ओरडली, "मेल्यांनो, हात झडतील तुमचे!" काय दिवस होते ते! तेव्हापासून दर गुड फ्रायडेला फेलिक्स सिनेमा दाखवायचा.

मग त्यांचा मुलगा वितोल्द कोळशाच्या खाणीतल्या अपघातात गेला. त्या वर्षी येशूचा देह आईच्या मांडीवर ठेवताच याद्विगा उठली. "तिचा तिसऱ्या दिवशी परत येतो. मला नाही बघवत." शनिवारी चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या ईस्टरच्या टोपलीत तिने माणशी एक म्हणून तीनऐवजी दोनच अंडी ठेवली. फेलिक्सने रीळ लपवलं. सिनेमा कबरीच्या धोंड्यापाशी संपू लागला, तशी याद्विगा पुन्हा येऊन बसू लागली.

"आजच का पण?" त्याने विचारलं.

"सत्तरी उलटली माझी. उठल्यावर तो आईला भेटतो का, एवढं बघायचंय. बायबलात कुठे सापडत नाही."

फेलिक्सला काही आठवेना. त्याने रीळ चढवलं. ही पुन्हा देवावर रुसली, तर या वयात तिला सावरणार कोण?

पडद्यावर येशू बागेत बायकांना दिसला. शिष्यांना दिसला, त्यांच्यासोबत त्याने मासेही खाल्ले. आई मात्र एका घरात पीठ मळताना तेवढी दिसली. रीळ संपलं.

 फेलिक्सला याद्विगाकडे बघायचा धीर होईना.

"तिलाही नाही भेटला," ती म्हणाली. "निदान दाखवला तरी नाही. आणि बाई सगळ्यांसाठी भाकऱ्या करतेय. चल, मलाही पीठ भिजवायचंय."

दुसऱ्या दिवशी फेलिक्सने टोपली उचलली. वरचा रुमाल सरकला होता. आत पाव होता, मीठ होतं, आणि तीन अंडी होती.