म्हातारीच्या डब्याखाली

मी थापाडी आहे. आधीच सांगून टाकते, मागाहून कुरकुर नको. माझ्या लहानपणी आमच्या परसात एवढा मोठा भोपळा आला होता की त्यात मांजर व्यायली, पिल्लं मोठी होऊन शाळेत जायला लागली, तरी घरात कुणाला पत्ता नव्हता. नाही ना विश्वास बसत? नका ठेवू. पण आज जे सांगतेय त्यात पदरचं एक अक्षर नाही. घालता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझी मोठी जाऊ शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. एकतीस वर्षं. नुसतं बोट फिरवून सांगायची, या काजाचा दोरा सैल आहे, चार धुण्यांत उसवेल. उसवायचाच. नोकरी संपली, दीर आधीच गेलेले, आणि बोटं झाली रिकामी. मग तिनं मागच्या अंगणात ती झाडं लावायला घेतली. जाड जाड पानांची, पानात पान बसवलेली, जमिनीला घट्ट चिकटून राहणारी. दुकानात त्यांना सक्युलंट म्हणतात.

"जाऊबाई, हे झाड आहे की कोबीची रुसलेली बहीण?" मी विचारलं होतं.

"थापाडे, नीट बघ. गुलाबाला सांगितलं, पाणी मिळणार नाही, खत मिळणार नाही, कौतुकही मिळणार नाही. तर तो कसा दिसेल? अस्सा."

जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. आमचा आडवा होता. म्हणजे दुपारी दोघी चटईवर आडव्या व्हायचो आणि मग भांडायचो.

तेलाचे डबे, कान तुटलेले कप, झाकण हरवलेला कुकर, जे हाताला लागेल त्याला खिळ्यानं खाली भोकं पाडायची. माती थोडी, खडी जास्त. पाणी कधी घालायचं ते झाडाला विचारायचं, म्हणजे खालचं पान चिमटीत धरायचं. कडक लागलं तर चालू पडायचं. मऊ लागलं तर घालायचं, तेही कडेनं, मधोमध नाही. "लाडानं मरतात ही," ती म्हणायची. "उपाशी ठेव, उन्हात ठेव, जगतील." मी एकदा तिच्या नकळत तीन कपांना रोज पाणी घातलं. आठवड्यात पानं काचेसारखी झाली आणि हात लावताच गळून पडली. महिनाभर माझ्याशी बोलली नाही ती. मी गोगलगाईवर ढकललं होतं. एवढी मोठी गोगलगाय, जाऊबाई, पोस्टमन तिच्या पाठीवर बसून पत्रं वाटत होता. तेव्हा हसली.

मागच्या दाराशी पायऱ्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर मोठ्या डब्यात एक होतं, ताटाएवढं, टोकांना लालसर. त्याला ती म्हातारी म्हणायची. बाकीची सगळी तिची पिल्लं. आणि म्हातारीच्या डब्याखाली घराची किल्ली. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मग तिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड जरा ओढलं. तिचा मुलगा, आमचे साहेब (ऑफिसात चार माणसं हाताखाली, म्हणून घरातही टेबलामागून बोलल्यासारखा बोलतो), त्यानं तिला वृद्धाश्रमात ठेवलं. "बरी होईपर्यंत, आई."

"कधीपर्यंत?" तिनं विचारलं.

तो खिडकीकडे बघायला लागला. खिडकीबाहेर भिंत होती. भिंतीत बघण्यासारखं काय असतं?

"म्हातारी फुलेल," जाऊ सावकाश म्हणाली, एकेक शब्द टाक्यासारखा ओढत, "त्या दिवशी मला घरी न्यायचं. कबूल?"

साहेबांनी मला बाहेर बोलावलं. "काकू, ते झाड कधी फुलतं?"

आता बघा. मला काहीएक माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला जीभ मात्र कधी वळलीच नाही माझी. "अरे, त्या झाडाला फूल म्हणजे काय गंमत वाटली? माझ्या आजीच्या आत्याकडे होतं एक. सत्तर वर्षांनी फुललं, तेही चुकून. तुझ्या आईचं आणखी दहा वर्षं तरी फुलत नाही."

चांगली ऊन ऊन लोणकढी. पोराला जरा धीर यावा म्हणून. तो आत गेला आणि सिस्टरसमोर आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "कबूल. ज्या दिवशी फुलेल त्या दिवशी."

आणि जाऊ हसली. अर्ध्या तोंडानं हसली, पण डोळे पुरते हसले. मला वाटलं, मुलाचा शब्द मिळाला म्हणून हसतेय.

चार महिन्यांत त्यानं घर विकलं. मला फोन आला, "काकू, झाडं हवी असतील तर आज घेऊन जा, उद्या काँक्रीट ओततायत." गाडी उभी करायला जागा हवी होती नव्या माणसांना. मी भाजीवाल्याची हातगाडी घेऊन गेले. म्हातारीचा डबा उचलला तर बुडाला किल्ली चिकटलेली, गंजून. नखानं सोडवली आणि पर्समध्ये टाकली. कुलूप तर त्यांनी केव्हाच बदललं होतं.

आईला सांगितलंस का रे, विचारलं. "सांगेन ना. तब्येत जरा सुधारू दे. तुम्ही काही बोलू नका."

आमच्या मागे हातभर जमीन आहे, भिंतीपर्यंत. तिथे विटांच्या पायऱ्या रचून मी सगळी मांडली. दर रविवारी जाऊन तिला हजेरी द्यायची: कुकरमधलं बरं आहे, निळ्या कपातल्याला कापसासारखी कीड लागली होती, ती काडीनं काढली. तिचा प्रश्न मात्र ठरलेला. "म्हातारीची मधली पानं कशी आहेत?"

"गच्च मिटलेली. तुमच्या तोंडासारखी."

एका रविवारी एक पिल्लू कपात घालून तिच्या खिडकीत ठेवून आले. म्हटलं, तेवढीच सोबत. पण भिंतीनं ऊन अडवलेलं. तीन आठवड्यांत त्या पिल्लाची मान वीतभर लांब झाली, पानं फिकट, एकमेकांपासून दूर दूर, सगळं अंग काचेकडे वाकलेलं.

"ने ते परत," जाऊ म्हणाली. "बघवत नाही."

मी नेलं. मुंडकं छाटलं, चार दिवस सावलीत सुकवलं, खडीत टोचलं. धरलं त्यानं मूळ. झाडाचं तसं सोपं असतं.

आणि मग, थंडी संपता संपता, एका सकाळी बघते तर म्हातारीची मधली पानं उभी राहिलेली. आठवड्यात तिथून जाडजूड दांडा निघाला, खवले असलेला, एखादा साप मान वर काढतो तसा. मी शेजारच्या माळ्याला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं.

"आजी, फुलणार हे. पण हे एकदाच फुलतं. फुललं की संपलं. पिल्लं तेवढी राहतात."

"कसं कळतं फुलणार ते? आधी?"

"जाणत्याला कळतं. वर्षभर आधी पिल्लं घालायची थांबतं ते."

मी विटेवर बसले. झटका यायच्या आदल्याच महिन्यात जाऊ मला म्हणाली होती, "यंदा म्हातारीनं एकही पिल्लू घातलं नाही गं." मी म्हणाले होते, ऑपरेशन केलं असेल. म्हणजे तिला माहीत होतं. खुर्चीत बसून, अर्ध्या तोंडानं, तिनं मुलाकडून शब्द घेतला तो वर्षाच्या आत फळणार हे जाणून. आणि त्यानं तो दिला माझ्या दहा वर्षांच्या भरवशावर.

साहेबांना फोन केला. "मग कापून टाका ना तो दांडा," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होता दहा वर्षं."

"अरे, पण तुझी आई..."

"काकू, कुठे नेऊ मी तिला? तुम्हीच सांगा."

त्याचा आवाज कधी नव्हे तो टेबलाच्या अलीकडून आला. सांगायला होतं ना माझ्याकडे. 'माझ्याकडे आण' म्हणायचं होतं. पण माझं तरी काय, मुलाचं घर, सून, नातवंडं, आणि स्वयंपाकघरालगतची माझी खाट. सून वाईट नाही. पण गेल्या महिन्यात माझा गॅस चालू राहिला तेव्हा तिनं नवऱ्याकडे कसं बघितलं ते मी पाहिलंय. आणखी एक म्हातारी घरात आणा म्हणाले, तर आहे ती म्हातारी मोजली जाईल. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन गेले. कापला दांडा. स्वतःला सांगितलं, झाड वाचावं म्हणून कापतेय. स्वतःशी मारलेली ही माझी पहिलीच थाप, आणि अगदीच बेचव. बाजूनं दोन बारीक दांडे फुटले. त्यांना गुलाबी चांदण्यांसारखी फुलं आली, दहा-बारा. मधमाशा आल्या. मग बाहेरची पानं कागदासारखी झाली, मग आतली, आणि उन्हाळा भरात आला तेव्हा डब्यात एक तपकिरी चोथा उरला होता.

तेवढे सगळे रविवार मी जात होते.

"मधली पानं?"

"मिटलेली."

"फुललं नाही?"

"नाही."

असे आठ-नऊ रविवार झाले. नवव्याला तिनं डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. काजांची बोटं, अजून चिमटा तसाच.

"थापाडे, तू इतकं साधं कधीपासून बोलायला लागलीस?"

"म्हणजे?"

"'मिटलेली.' 'नाही.' आधी झाडाबद्दल विचारलं की गोगलगाईवर पोस्टमन बसवायचीस. दोन महिने झाले, म्हातारीवर एक माशीसुद्धा बसवली नाहीस." तिनं मनगट सोडलं नाही. "फुलली ना?"

काय करणार? "हो."

"म्हणजे आता मेली."

"हो."

"पिल्लं?"

"सगळी धडधाकट आहेत."

"साहेब?"

मी पर्सच्या चेनशी खेळत राहिले.

"घर विकलं," तीच म्हणाली. मी मान हलवली. "अंगण?"

"गाडी उभी असते."

पलीकडच्या खाटेवरच्या बाई चमच्यानं कप वाजवत होत्या, चहा, चहा करत. सिस्टर येऊन गेली. जाऊ माझ्याकडे बघत होती. मागत नव्हती काही, नुसती बघत होती. 'माझं घर आहे की हो, जाऊबाई.' पाच-सहा शब्द. आयुष्यभर शब्दांचे डोंगर उचललेत मी, हे एवढेसे जिभेवरून हलेनात. मी चेन उघडली, लावली, उघडली.

मग तिनंच डोळे मिटले. मागे रेलली. "बरं," म्हणाली. "आता थाप मार. मोठी. म्हातारी फुलली ती कशी फुलली सांग."

मी घसा खाकरला. "दांडा निघाला तो थांबेचना, जाऊबाई. पहिल्या दिवशी भिंतीएवढा. दुसऱ्या दिवशी विजेच्या खांबाएवढा. कावळे अर्ध्यावर बसून दम खायचे. विमानं वळसा घालून जायला लागली. साहेबांना ऑफिसच्या खिडकीतून दिसला. तसाच उठला, एका पायात बूट..."

"दुसरा?"

"चार माणसं घेऊन मागून धावतायत. इथे आला तो बस घेऊनच. अख्खी बस, पुढे बँड."

"बँड नको. डोकं दुखतं."

"बरं, उतरवला बँड. गल्लीच्या तोंडाशी बस अडकली. मग तुम्ही उतरलात आणि सरळ चालायला लागलात."

"चालत?"

"पळत! मी मागे, चपला हातात. कोपऱ्यावरचा चष्मेवाला दुकानाबाहेर आला..."

"मेला गं तो."

"थापेत आहे जिवंत. म्हणाला, सावकाश बाई, सावकाश. पोचलो फाटकाशी. फाटकाची कडी..."

"उचलून डावीकडे ओढायची."

"उचलून डावीकडे ओढली. घराला वळसा घातला. मागे अंगण तसंच. कुकर, निळा कप, सगळी पायऱ्यांवर. वर म्हातारी."

तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं, पण तोंड हसत होतं. अर्धंच, अर्थात.

"दाराला कुलूप आहे?"

"आहे."

"किल्ली?"

"म्हातारीच्या डब्याखाली."

"काढ मग."

किल्ली माझ्या मांडीवर होती, पर्समध्ये, गंजलेली. मांजरीची पिल्लं शाळेत घातली मी, विमानं वळवली, मेलेला चष्मेवाला उठवला. तो एक डबा मात्र उचलवेना. ती वाट बघत होती. डावा हात चादरीवर उघडा ठेवला होता तिनं, पालथा नाही, उताणा.

"काढतेस ना?"

"थांबा हो, जाऊबाई," मी म्हणाले. "डबा जड आहे."