इंजिन थांबतं तो भाग

१९६४च्या मार्चात आंतोन मुंबईहून आपल्या गावी, देवबागला आला, तो बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊनच. सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवून तो कंटाळला होता. आता त्याला स्वतःची तबकडी काढायची होती. समुद्र ओलांडायला एकटीच निघालेल्या एका वैमानिक बाईची गोष्ट, आठ भागांत. गाणी थोडी, आवाज जास्त. त्या बाईचं काम करणार होती त्याची धाकटी बहीण बर्था. ती शाळेत शिकवायची, चर्चमध्ये गायची.

सात भाग घरातच झाले. आठव्यात विमानाचं इंजिन बंद पडतं. त्यासाठी आंतोनला खरं इंजिन आणि खरा समुद्र हवा होता.

बर्था पाण्याला घाबरायची. आयुष्यात कधी होडीत बसली नव्हती.

"धा मिनटांचा काम," आंतोन म्हणाला. "गुरुदास आसा मा."

गुरुदास गावातला मच्छीमार. त्याने आपली इंजिनाची होडी खाडीच्या मुखापर्यंत नेली. आंतोनने खूण करताच इंजिन बंद केलं. बर्थाने ठरलेली वाक्यं म्हटली, "खाली सगळं पाणी आहे. जमीन दिसत नाही."

गुरुदासने इंजिनाची दोरी ओढली. इंजिन लागेना. पुन्हा ओढली. तोवर होडी आडवी झाली आणि लाट आत आली.

"आंतोनबाब, डबो घेवा, पाणी काढा," गुरुदास ओरडला.

बर्थाने वळून पाहिलं. भावाच्या कानांवर हेडफोन होते आणि माईक तिच्याकडे रोखलेला. डबा तिनेच उचलला. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. ती उपसत होती, रडत होती, मेरीमायला हाका मारत होती. कितव्यांदा कोण जाणे, दोरी ओढल्यावर इंजिन लागलं.

दुपारी आंतोनने टेप लावली. तो आवाज आपला आहे, हे बर्थाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने यंत्र बंद केलं.

"तू पाणी कित्याक काढूक नाय?" तिने विचारलं.

"माईक खाली ठेवलंय असतंय, तर ह्यो आवाज परत गावलो नसतो."

"आणि मी गावलंय असतंय?"

 आंतोनने टेप काढून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी बर्थाने तीच वाक्यं खोलीत बसून म्हटली. तबकडीवर खोलीतलीच आहेत. शेवटचा भाग फिका पडला, असं ऐकणारे म्हणत.