एक नंबरचं बटण

"नॉर्ब तळघरात आहे," व्हर्ना म्हणाली. "काहीतरी ठोकत बसलाय. बोलवू का?"

"नको, राहू दे," पाकौ म्हणाली आणि कॉफीचा कप हातात धरून बसून राहिली. तळघरातून ठोकल्याचा आवाज काही येत नव्हता. येणार कुठून? नॉर्बर्ट केटलर नोव्हेंबरपासून गावाबाहेरच्या दफनभूमीत आईवडिलांशेजारी झोपला होता, आणि आता फेब्रुवारी उजाडला होता.

व्हर्नाला खोटं बोलायची सवय नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली. पोरांनी सूप ताजं आहे का असं विचारलं, तर कालचंच आहे, मुकाट प्या, असं सांगणारी ही बाई. त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तिला ते धड जमेना. कान लाल झाले, आणि पाकौचा भरलेला कप ती पुन्हा भरायला निघाली.

पाकौ वांग याच शेबॉयगन गावची, आशियातून येऊन इथं वसलेल्या घरातली. कोणत्या घरात कोण काय बघतं याची मोजणी करणाऱ्या कंपनीत ती नोकरीला होती. देशभरातून निवडलेल्या काही हजार घरांत कंपनीची एक लहानशी डबी टीव्हीवर बसवलेली असे. टीव्ही लावला की डबीवरचे लाल दिवे लुकलुकू लागत. समोर बसलेल्या प्रत्येकानं आपापलं बटण दाबलं की त्याचा दिवा हिरवा होई. एक नंबर नॉर्बचा, दोन नंबर व्हर्नाचा. अशा हिरव्या दिव्यांवरून तिकडे न्यूयॉर्कात ठरायचं, कोणती मालिका कोणत्या वारी दाखवायची आणि कोणती गाडून टाकायची.

गेल्या वसंतात केटलरांचं घर निवडलं गेलं, तेव्हा नॉर्बला कोण आनंद झाला होता. तो म्हणाला होता, "सरकार चार वर्षांतनं एकदा विचारतं. हे लोक रोज विचारतात."

टब आणि बेसिनं बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करता करता नॉर्ब म्हातारा झाला होता. सप्टेंबरात 'दूरची हाक' नावाची नवी मालिका मंगळवारी सुरू झाली आणि त्यानं तिला जीवच लावला. अंतराळातलं एक दुरुस्तीचं जहाज. फार लांबच्या एका वस्तीकडून मदतीची हाक येते आणि हे निघतात. वस्तीत कुणी जिवंत उरलंय की नाही, ते कुणालाच माहीत नाही. जहाजावरची मेकॅनिक एक बाई होती. नॉर्ब व्हर्नाला स्वयंपाकघरातून हाक मारून म्हणायचा, "अगं बघ, टीव्हीवर पहिल्यांदा कुणीतरी पाना नीट धरलाय." व्हर्ना दारातून डोकावायची, चंदेरी कपड्यांतली माणसं बघून नाक मुरडायची आणि परत आपल्या भांड्यांकडे जायची. जाता जाता त्याचं बटण मात्र तीच दाबायची, कारण संधिवातानं त्याची बोटं आखडली होती.

मालिका जेमतेम रंगात आली आणि नॉर्बला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या टीव्हीचा आवाज शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या ताब्यात होता, आणि त्याला फक्त फुटबॉल हवा असे. शेवटच्या सोमवारी नॉर्ब तिला म्हणाला, "उद्या तू बघ. तिथं कुणी आहे का, तेवढं बघ आणि मला सांग." बघते, असं ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सांगायला नॉर्बच राहिला नाही.

दफन झाल्यानंतरच्या मंगळवारी तिनं घरात आवाज असावा म्हणून टीव्ही लावला. दिवे लुकलुकले आणि तिचा अंगठा आपसूक एक नंबरवर गेला. हिरवा दिवा लागला. तिला बरं वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ती स्वयंपाकघरात गेली आणि मालिका संपेपर्यंत स्वच्छ भांडी पुन्हा घासत राहिली. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्याही पुढच्या.

जानेवारीत तिची नणंद डोलोरस वर्तमानपत्र नाचवत आली. नॉर्बची ही धाकटी बहीण कुणाच्याही घरात दार न वाजवता शिरायची आणि बातमी सांगितल्याशिवाय कोट काढायची नाही.

"तुझ्या नवऱ्याच्या जहाजाची उचलबांगडी झाली बघ," ती म्हणाली. "शुक्रवारी टाकलंय. संध्याकाळी सातला."

"मग?"

"मग काय? शुक्रवारी सातला घरात असतं कोण? अख्खं विस्कॉन्सिन मासे खायला बाहेर. शुक्रवारी टाकतात ते मारायलाच टाकतात, व्हर्ना."

व्हर्ना हट्टाला पेटली ती तेव्हा. लग्नात नॉर्बच्या आईनं हिला हट्टी म्हटलं होतं, आणि तेवढ्या एका बाबतीत सासू-सुनेचं एकमत होतं. नॉर्बची मालिका ती मरू देणार नव्हती. मालिकाच बंद पडली तर त्याला सांगणार काय? मग दर शुक्रवारी ती टीव्ही लावायची, एक नंबर दाबायची, हिरवा दिवा लागला याची खात्री करायची, कोट चढवायची आणि डोलोरसच्या गाडीत बसून, गावच्या रिवाजाप्रमाणे, मासे खायला निघून जायची. पाठीमागे नॉर्बच्या रिकाम्या आरामखुर्चीपुढे जहाज आपलं चाललेलं असे. ती कधी चुकली नाही. एकदा रस्त्यावर बर्फ साचलं होतं म्हणून गाडी निघेना, तर तिनं ते फावड्यानं उपसलं, पण आधी बटण दाबून.

डबी मधूनमधून दिवे लुकलुकवून पुन्हा विचारते, अजून आहात ना, हे तिच्या गावीही नव्हतं. डबी विचारायची तेव्हा ती बटाट्याचे घावन आणि तळलेला मासा खात असायची.

"मिसेस केटलर," पाकौ आता म्हणाली, "दर शुक्रवारी नॉर्ब टीव्ही लावतात. मग डबी पुन्हा विचारते आणि कुणीच उत्तर देत नाही. ऑफिसात म्हणाले, मशीन बिघडलं असेल, जाऊन बघ. मला वाटलं पडलेबिडले असतील. मी घाबरूनच आले हो."

बिचारी घाबरून आली होती, हे ऐकल्यावर व्हर्नाला पुढचं खोटं रेटवेना. तिनं किटली खाली ठेवली.

"तो गेला," ती म्हणाली. "नोव्हेंबरात."

मग तिनं सगळं सांगितलं. दवाखाना, बटण, शुक्रवार, मासे. सांगताना ती रडली नाही, पण टेबलावरचा एकच डाग रुमालानं पुसत राहिली. पाकौनं आपल्या कामात खोटं बटण दाबणारे पुष्कळ पाहिले होते. कुत्र्याच्या नावानं दाबणारेसुद्धा. हे तसलं नव्हतं.

"आमच्यात गेलेल्यांना जेवायला हाक मारतात," ती शेवटी म्हणाली. "माझी आई अजून मारते, आजीला. पहिला घास तिचा. पण मिसेस केटलर, आम्ही त्यांना मोजत नाही."

"ते कळतंय मला."

"हे मला कळवावं लागेल. एक नंबर बंद होईल. कदाचित डबीच काढून नेतील."

"मग माझं दाबते ना. दोन नंबर. ते तर चालेल?"

"समोर बसून बघत असाल तर चालेल," पाकौ म्हणाली. "पण खरं सांगू? ही मालिका ज्यांच्या जाहिरातींवर चालते ना, त्यांना तरुण माणसं हवीत. तुमच्या वयाची माणसं मोजतात, पण हिशोबात धरत नाहीत."

"म्हणजे नॉर्बलाही धरत नव्हते?"

"नाही."

"तो जिवंत होता तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा नाही," पाकौ म्हणाली. व्हर्नाला एकदम राग आला. न्यूयॉर्कवाल्यांचा आला, जाहिरातवाल्यांचा आला आणि स्वतःचाही आला. तीन महिने एका मेलेल्या माणसाचा दिवा पेटता ठेवला, आणि तो जिवंत असतानाही कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

कोट घालता घालता पाकौनं सहज विचारलं, "तसं ते जहाज पोचलं का कुठं? मला शुक्रवारी वेळच मिळत नाही."

व्हर्नाला ठाऊक नव्हतं. तिनं एक भागसुद्धा बघितला नव्हता. बघ आणि मला सांग, एवढंच तो म्हणाला होता. दिवा लाव असं तो कुठे म्हणाला होता?

पाकौ गेल्यावर तिनं डोलोरसला फोन केला आणि येत्या शुक्रवारी आपण मासे खायला येणार नसल्याचं सांगितलं.

"डॉक्टरला बोलावू का?" डोलोरसनं विचारलं.

"टीव्ही बघायचाय मला."

"चाळीस वर्षांत तू शुक्रवार चुकवला नाहीस. नॉर्ब न्यूमोनियानं आडवा होता तेव्हासुद्धा आलीस."

"तेव्हा मासे महत्त्वाचे होते," व्हर्ना म्हणाली.

त्या शुक्रवारी ती टीव्हीसमोर ताठ बसली. चर्चमध्ये बसते तशी. दोन नंबर दाबलं. पहिल्या भागात तिला ओ की ठो कळलं नाही. कप्तान कोण, कपाटात कोंडलेला माणूस कोण, जहाजाच्या पोटात एवढा धूर कशाचा? पण मेकॅनिक बाई यंत्राखाली आडवी झाली, हात लांब करून न बघता पाना मागितला, आणि व्हर्ना चटकन पुढे सरकून बसली. नॉर्ब गॅरेजमध्ये अस्साच हात लांब करायचा. पाना द्यायला दर वेळी तीच असायची. ती त्या भागात रडली, आणि रडताना मधेच डबीनं अजून आहात ना असं विचारलं तेव्हा डोळे पुसून तिनं पुन्हा दोन नंबर दाबलं.

पुढचे शुक्रवार ती बसली. सगळं कळायला लागलं. कप्तान मूर्ख आहे हेही कळलं. मार्चच्या मध्याला सातच्या ठोक्याला जहाजाऐवजी विनोदी कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, प्रेक्षकांअभावी मालिका बंद. व्हर्नानं स्थानिक टीव्ही स्टेशनला फोन लावला. तिथल्या मुलीनं, आम्ही इथून काही करू शकत नाही, असं गोड आवाजात सांगितलं. व्हर्नानं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. त्यानंतरही लावत राहिली. शेवटी ती मुलगी आवाजावरूनच ओळखायला लागली आणि नॉर्बबद्दलही तिला बरंच कळलं.

एप्रिलात पाकौ डबी न्यायला आली. आकडे खोटे निघाले की घर यादीतून जातं, असा नियमच होता. तिनं वायरी गुंडाळल्या, आणि डबीवर चिकटवलेली नॉर्बच्या नावाची पट्टी नखानं सोडवून व्हर्नाच्या हातावर ठेवली. व्हर्नानं ती शीतकपाटाच्या दाराला लावली. टीव्हीवर डबीच्या जागी धूळ नसलेला एक चौकोन उरला होता, तो तिनं मुद्दाम पुसला नाही.

जूनमध्ये स्टेशनातल्या त्या मुलीचा आपणहून फोन आला. राहिलेले भाग जुलैत शनिवारी संध्याकाळी उरकून टाकणार होते. सुटीच्या दिवसांत कुणी टीव्ही बघत नाही, कुणी आकड्यांकडेही बघत नाही, म्हणून. "तुम्हाला कळवायलाच हवं होतं," ती म्हणाली.

जुलैतल्या शनिवारी सगळं गाव तळ्यावर असतं. शेजारच्या अंगणातून भाजल्या जाणाऱ्या ब्रॅटवर्स्ट सॉसेजांचा वास येत होता. व्हर्ना खिडक्या लावून बसली. शेवटच्या शनिवारी डोलोरसही आली, नॉर्बच्या आरामखुर्चीकडे बघून घुटमळली.

"बस तिथंच," व्हर्ना म्हणाली. "बसायलाच असते खुर्ची."

टीव्ही लागला. कुठलेही दिवे लुकलुकले नाहीत, कुणी काही विचारलं नाही. व्हर्नाचा अंगठा मात्र सवयीनं एकदा हलला. शेवटच्या भागात जहाजाचं इंधन संपत आलं, कप्तानानं परत फिरायचा हुकूम सोडला आणि मेकॅनिक बाईनं तो धुडकावला. वस्तीची हाक पुन्हा ऐकू आली, क्षीण, तुटक. जहाज तिच्या दिशेनं वळलं. आणि पडद्यावर कलाकारांची नावं वर सरकायला लागली.

"संपलं?" डोलोरसनं विचारलं. "असं कसं? पोचले की नाही?"

"पुढच्या वर्षी दाखवणार असतील."

"पुढचं वर्ष नाहीये ना पण त्यांना."

व्हर्नाला वाईट वाटलं, चांगलंच वाईट. एवढा आटापिटा करून तिच्या हाती उत्तर आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमधली प्रार्थना आटोपून दोघी दफनभूमीत गेल्या. डोलोरसनं नळावरून झारी भरून आणली. व्हर्ना गुडघ्यांवर बसून जिरेनियमची वाळलेली फुलं खुडू लागली.

"पोचले म्हणून सांग," डोलोरस हळूच म्हणाली. "वस्ती सापडली, सगळे सुखरूप. बरं वाटेल त्याला. कोण बघायला आलंय?"

"खोटं एकदा बोलले मी त्याच्यासाठी. पुरे झालं."

डोलोरस झारी ठेवून जरा लांब जाऊन उभी राहिली. व्हर्नानं हात झाडले. दगडावर चिकटलेला मातीचा ठिपका पुसला. मग तिनं आपण बघितलेल्या पहिल्या भागापासून सांगायला सुरुवात केली, आणि त्याआधीचे आपण चुकवले हेही कबूल केलं. कप्तान मूर्ख निघाला, कपाटातला माणूस चांगला निघाला. सांगता सांगता ऊन वर आलं. डोलोरस दोनदा गाडीपाशी जाऊन परत आली.

"अजून पोचले नाहीत," व्हर्ना शेवटी म्हणाली. "पण हाक येतेय तिकडून. आणि ती पानावाली परत फिरायला तयार नाही. चाललेत अजून."

ती उठली, आणि उरलेलं पाणी जिरेनियमला घातलं.