कपाटाला कुलूप लागले तेव्हा

मी एक जुने देवदारी कपाट आहे. पण मित्रांनो, माझी हकिकत ऐकण्याआधी एक सांगा, तुम्ही एकटेच आहात ना? तुमच्या मागे दारात कोणी उभे तर नाही? रागावू नका. ज्या घरात मी आयुष्य काढले, तिथे असे विचारायची सवयच होती. ती मलाही लागली.

माझा जन्म उरुग्वे देशात, मोंतेविदेओ शहरातल्या सेर्रो वस्तीत झाला. टेकडीच्या उतारावर योनास नावाचा लिथुआनियन सुतार राहत असे. फागुंदेस यांच्या घरी लग्न निघाले तेव्हा त्याने मला घडवले. त्याचा रंधा अंगावरून फिरे तेव्हा मला गुदगुल्या होत. नवरीने दागिन्यांसाठी तळाशी एक चोरकप्पा मागून घेतला होता. दागिने काही फारसे आले नाहीत. मग त्या कप्प्यात नाताळची सुकी फळे लपत आणि मुले ती बरोबर शोधून काढत. थोरला एल्बियो, आणि त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली नीबिया. माझ्या डाव्या बाजूला त्याचे सदरे टांगत आणि उजव्या बाजूला तिचा शाळेचा पांढरा अंगरखा. पाहुणे मला हात लावून म्हणत, "काय लाकूड आहे!" ते माझे सुखाचे दिवस होते.

एल्बियो मोठा झाला आणि मांसाच्या कारखान्यात लागला. पुढे लष्कराची राजवट आली. कामगार संघटनेची पत्रके जवळ बाळगणेही गुन्हा ठरले, आणि ती पत्रके माझ्या चोरकप्प्यात येऊन बसली.

एके दुपारी शिपाई आले. एल्बियो कामावर होता. नीबिया तेव्हा शाळेत जाणारी पोर होती. गळ्याशी शाळेची निळी फीत बांधलेली ती भिंतीला चिकटून उभी राहिली. शिपायांनी माझ्यातले कपडे जमिनीवर फेकले. त्यांच्यातल्या एकाने जाता जाता माझ्या तळावर बूट आपटला. आवाज पोकळ आला. तो थांबला, पुन्हा आपटला, आणि मग त्यांनी फळी फोडली. एल्बियोला त्यांनी कारखान्याच्या फाटकातच उचलले.

तो तुरुंगातून परत आला तेव्हा अनेक वर्षे लोटली होती. त्याचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. माझ्यातला वरचा सदरा काढायलाही त्याला आईला हाक मारावी लागे. त्या दुपारी काय झाले हे त्याने कोणाला विचारले नाही आणि घरात कोणी सांगितले नाही. तो फक्त माणसांकडे बघत राही. रोज पाववाला येई, शेजारचा हेबेर डोकावे, समोरचा म्हातारा भेटे, संघटनेतले जुने मित्र घरी येत. पत्रकांचे शिपायांना यांच्यापैकी कोणी सांगितले असेल? खुर्चीत बसायचा तो पाठ भिंतीला लावूनच.

आईवडील गेले. नीबियाचा संसार मोडला आणि ती माहेरच्या घरी राहायला आली. दोघे भाऊबहीण म्हातारे झाले. एल्बियोचे खांदे त्याला झोपू देत नसत. अशात सरकारने कायदा केला की, नाव नोंदवून प्रौढ माणसाला आपल्या घरी गांजाची थोडी झाडे लावता येतील. नीबियानेच तो विषय काढला.

"एल्बियो, हेबेरला बघ. त्याच्या गुडघ्यांना केवढा आराम पडलाय."

"आणि नाव कोण लिहून देणार? मी? त्यांच्याकडे माझं नाव आधीच एकदा होतं, बाई."

"ते सरकार वेगळं, हे वेगळं."

"कागद तोच असतो."

शेवटी वेदनेने त्याचा हट्ट मोडला. तो नाव नोंदवून आला. मग त्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. कपडे खाटेवर गेले. माझ्या आतून चकचकीत कागद लागला, छताला दिवा टांगला गेला, कुशीत भोके पाडून एक छोटा पंखा बसवला. मित्रांनो, भोके पाडताना दुखले. पण बियांतून रोपटी वर आली तेव्हा मी दुखणे विसरले. कधीकाळी मी स्वतः झाड होते, हे मला त्यांच्यामुळे आठवले.

एल्बियो त्यांची निगा बाळंतिणीसारखी राखत असे. माती बोटाने चाचपून मगच पाणी घाली. एका झाडाला नराची फुले दिसली, तसे बाकीच्यांत बिया धरू नयेत म्हणून त्याने ते उपटून टाकले. बाकीच्यांच्या शेंड्यांवर तुरे धरू लागले. जाड, चिकट, वासाने घर भरून टाकणारे. दार उघडले की हा माणूस हसायचा! त्याला हसताना मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

कायदा बदलला होता, एल्बियो नव्हता. मला उघडण्याआधी तो रेडिओ मोठा करी, पडदे ओढून घेई. शेजारचा हेबेर म्हणजे बंदरावर जहाजे रंगवून म्हातारा झालेला गडी. काखेत थर्मास, हातात माते नावाच्या तिकडच्या कडवट चहाचा तुंबा, असा तो दारात येऊन उभा राही आणि मुद्दाम नाक वर करून हुंगे.

"काय रे एल्बियो, घरात तो घाण वासाचा स्कंक पाळलाय की काय?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! माझी झाडं अंगणात आहेत, राजा. पोस्टमनसुद्धा त्यांची चौकशी करतो. तू मात्र असा वागतोयस, जशी काही बँक लुटलीस."

हेबेर गेला की एल्बियो खिडकीच्या फटीतून तो कुठे वळतो ते बघत राही. खरे सांगते, मलाही हेबेरची शंका येऊ लागली. एवढा हसणारा माणूस मनात काय ठेवून असेल, कोणास ठाऊक.

आणि एके दिवशी एल्बियोच्या लक्षात आले की, तुऱ्यांमधले काही भाग गायब आहेत. कोणीतरी कात्रीने नीट कापून नेले होते.

तो ओरडला नाही. मी घाबरले ते त्यामुळेच. त्याने शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला आणि माझ्या दोन्ही दारांच्या मध्ये बारीकसा अडकवला. मग टोपी घालून पत्ते खेळायला क्लबात निघून गेला. परत आला तर दोरा तुटलेला होता. हेबेर तर तेवढा सगळा वेळ क्लबात त्याच्यासमोर बसून हरत होता. म्हणजे चोर घरातला.

माझ्या आत कोण हात घालत होते ते मला माहीत होते. मित्रांनो, ती नीबिया होती. माझ्या मागच्या भिंतीत न्हाणीघराचा नळ जातो. तो आतल्या आत गळत होता आणि माझी पाठ भिजून मऊ पडली होती. "भिंतीला ओल आलीये," असे नीबियाने दोनदा सांगितले. "तुला ही झाडं कपाटात नकोच होती, म्हणून निमित्त शोधतेस," असे एल्बियो म्हणाला. मग तिने सांगणे सोडले. जाड तुऱ्यांच्या पोटात राखाडी बुरशी धरत होती. तो बाहेर पडला की ती मला उघडून सडलेला भाग कापायची आणि बाकीचा तुरा वाचवायची. कापलेले ती परसात पुरून टाकी.

एल्बियोने मला कुलूप लावले. पंख्याची घरघर रस्त्यावर ऐकू जाते, अशी नवी शंका त्याच्या डोक्यात शिरली आणि त्याने पंखाही बंद केला. त्यानंतर तो मला फक्त पाणी घालायला उघडी, तेही घाईघाईत. दमट अंधारात मी गुदमरून गेले. आतले सडणे मला लाकडात जाणवत होते आणि मला तोंड नव्हते.

कुलूप पाहून नीबिया स्वयंपाकघरातून आली. हाताला पीठ लागलेले होते.

"हे कोणासाठी?"

"ज्याला कळायचं त्याला कळलंय."

"मी तुझा माल चोरते असं म्हणायचंय का तुला?"

"दोरा मी लावला होता, नीबिया. तुटला होता."

"दोरा?" ती क्षणभर हसलीच. "मला सापळा लावलास? अरे, सडतायत तुझी झाडं! सडका भाग कापत होते मी."

"बाहेरून तर छान दिसतायत."

"आतून बघ ना मग!"

तो खिडकीकडे वळला आणि पाठमोराच बोलला. "तेव्हाही चोरकप्पा घरातल्यांनाच माहीत होता."

रेडिओवर कोणीतरी फुटबॉलबद्दल बडबडत होते. नीबियाने तो बंद केला.

"इतकी वर्षं तुला असं वाटत होतं? मी सांगितलं असं?"

"तू लहान होतीस. त्यांनी दरडावलं असेल."

"मला कोणी काही विचारलंच नाही, एल्बियो. मी त्या भिंतीपाशी उभी होते. त्यातल्या एकानं कपाटावर बूट आपटला. पोकळ वाजलं. बस, एवढंच झालं. ना हेबेर, ना पाववाला, ना मी." तिचा आवाज फाटला. "तू एकदा विचारायचंस तरी! आई जिवंत होती, मी होते. जेवताना रोज समोर बसायचे तुझ्या."

तिने हात धुतले, कोट घातला आणि मैत्रिणीकडे राहायला निघून गेली. पिठाचा गोळा ओट्यावर तसाच पडून राहिला.

एल्बियोला ते पटले नाही. निदान त्याने तसे दाखवले नाही. कापणीचा दिवस आला तसे त्याने एकट्याने कुलूप काढले, झाडे बुंध्याशी कापली आणि मेजावर आडवी केली. वरून तुरे सुरेख होते. त्याने एक हातात घेऊन मधोमध फोडला. आत करडी राख भरलेली. दुसरा फोडला, तिसरा फोडला. जिथे नीबियाची कात्री फिरली होती, तेवढेच भाग आतून हिरवे होते.

त्याने हेबेरला हाक मारली. हेबेर आला, बघितले आणि पहिल्यांदाच त्याने विनोद केला नाही. दोघांनी मिळून मला भिंतीपासून ओढले. माझी पाठ भिंतीलाच चिकटून राहिली. भिंतीवरून पाणी ओघळत होते.

"किती दिवस गळतंय हे?" हेबेर म्हणाला.

"तिनं सांगितलं होतं," एल्बियो म्हणाला. तो खाली बसला. मग म्हणाला, "हेबेर, मला वाटत होतं तू सांगितलंस. तेव्हा. मग वाटलं, तिनं."

हेबेरने मातेचा तुंबा भरून त्याच्या हातात दिला. "माहीत होतं मला. म्हणून तर रोज येत होतो, गाढवा."

नीबिया लगेच परतली नाही. एल्बियो तीनदा गेला. पहिल्या वेळी तिने दार उघडले नाही, दुसऱ्या वेळी उघडून लावून घेतले. तिसऱ्या वेळी त्याने दारातूनच सांगितले, "नळ दुरुस्त केलाय. कुलूप फेकून दिलंय. तू म्हणालीस ते खरं होतं. दोन्ही." मग ती आली. सगळे एकदम पूर्वीसारखे झाले, असे मी म्हणणार नाही. ती अजून कधीकधी जेवताना मध्येच गप्प होते.

आता झाडे परसात उन्हात वाढतात. रस्त्यावरून जाणारा कोणीही बघतो आणि एल्बियो त्याच्याकडे बघतो. माझी दारे काढली आहेत. पाठीला साधी फळी ठोकली आहे आणि माझ्यात घरातली भांडी राहतात. परवा एल्बियो परसातून आत आला, थबकला आणि नेहमीसारखे त्याचे कपाळ आक्रसले.

"नीबिया, फाटक उघडं आहे. तू उघडं ठेवलंस?"

"हो. मांजरासाठी."

"बरं," तो म्हणाला आणि चहा ठेवायला गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने लाकूड असेल तर त्याला ओल्या भिंतीला टेकवू नका, अधूनमधून वारा लागू द्या. आणि घरातल्या माणसाविषयी मनात काही आले, तर ते मनात ठेवून वर्षे काढू नका. त्याच दिवशी, जेवणाआधी, त्याला विचारा.